मुलाखत घेणाऱ्यांनाही चार शिष्टाचार शिकवा: कंपन्यांच्या एचआर विभागांना खुले पत्र

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख आणि मुलाखतीच्या पॅनेलवर बसणारे सर्व अधिकारी,
हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, तळवडे, चाकण, रांजणगाव आणि इतरत्रच्या कंपन्या

सप्रेम नमस्कार.

गेल्या हंगामात आमच्या कॉलेजात ड्राइव्ह, म्हणजे नोकरभरतीच्या मुलाखती, घेऊन गेलेल्या एका कंपनीचा अभिप्राय मध्यंतरी मेलवर आला. तांत्रिक ज्ञान ‘ठीक’, संवादकौशल्य ‘सुधारणेस वाव’, आणि खाली सूचना: विद्यार्थ्यांमध्ये मुलाखतीच्या शिष्टाचारांचा अभाव जाणवला, तरी अंतिम वर्षासाठी त्याचं वेगळं सत्र ठेवावं. प्राचार्यांनी तो मेल ‘मॅडम, बघा जरा’ एवढंच लिहून माझ्याकडे सरकवला.

बघितलं. ड्राइव्हच्या दिवशी मुलं सकाळी साडेआठलाच फॉर्मल कपड्यांत सेमिनार हॉलमध्ये येऊन बसली होती, कारण कंपनीच्या मेलमध्ये नऊची वेळ होती. पॅनेलची गाडी दीडला आली. साहेबांची जेवणं झाली, मग मुलाखती सुरू झाल्या, त्या रात्री आठपर्यंत चालल्या. खेड्यांवरून येणाऱ्या मुलींची शेवटची एसटी तोवर निघून गेलेली. त्यांची हॉस्टेलवर मैत्रिणींच्या खोलीत सोय केली, एकेकीच्या घरी फोन करून सांगितलं. निकाल ‘आठवड्याभरात’ कळवणार होते. तो अजून आलेला नाही. अभिप्राय मात्र आला.

म्हणून हे पत्र. त्या कंपनीला उत्तर वेगळं गेलं आहे. हे सगळ्यांसाठी आहे, आणि उघड अशासाठी की खासगीत पाठवलेल्या मेलांचं तुमच्याकडे काय होतं ते मला आता पाठ झालंय.

मी मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात शिकवते आणि सोबत ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सांभाळते. तुमच्या भाषेत टीपीओ. आमच्याकडची बरीच मुलं घरातली पहिलीच इंजिनिअर. कोणाची कोरडवाहू जमीन, कोणाच्या घरी ऊसतोडीचा कोयता, कोणाचं तालुक्याच्या बाजारात छोटं दुकान. फी स्कॉलरशिपवर नाहीतर बँकेच्या कर्जावर. या मुलांना आम्ही काय शिकवतो ते एकदा सांगून टाकते. दारावर टकटक करून आत यायचं. सांगितल्याशिवाय बसायचं नाही. मोबाइल बंद. नखं कापलेली, बूट पुसलेले. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, मध्ये तोडायचं नाही. उत्तर येत नसेल तर फेकाफेक न करता सरळ तसं सांगायचं. निघताना आभार मानायचे आणि खुर्ची आवाज न करता मागे सरकवायची. हॉस्टेलवर बुटांची एक बरी जोडी चौघांत फिरते, हे तुम्हाला कळू नये याचीही काळजी मुलं घेतात.

यातलं एक तरी तुमच्या पॅनेलला कोणी शिकवलंय का? लोका सांगे ब्रह्मज्ञान; पुढचं मी लिहीत नाही.

वेळेपासून सुरुवात करते. तुम्ही पूल कॅम्पस, म्हणजे अनेक कॉलेजांची एकत्र भरती, पुण्यात ठेवता तेव्हा आमचा मुलगा आदल्या रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसतो. पहाटे स्वारगेटला किंवा वाकडेवाडीला उतरतो, सुलभमध्ये तोंड धुऊन शर्ट बदलतो, नाहीतर नऱ्ह्याला कॉट बेसिसवर राहणाऱ्या सीनिअरला झोपेतून उठवतो. मग पीएमपीच्या बसने हिंजवडी. सकाळी वाकडच्या पुढे काय होतं ते तुम्ही रोज भोगता, तुम्हाला मी काय सांगायचं! तरी तो वेळेआधी गेटवर हजर असतो. गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणतो, नाव यादीत नाही. यादी एचआरकडे, एचआर मीटिंगमध्ये. अकरा वाजता निरोप येतो: आज पॅनेल अव्हेलेबल नाही, रिशेड्यूल करून कळवू. मुलींना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, मुलग्यांना तेही नाही. जाऊन-येऊन, चहा-वडापाव धरून होणारा खर्च हा कोणाच्या तरी घरचा किराणा असतो. तुमच्या लेखी ते कॅलेंडरवरचं एक खोकं इकडचं तिकडे सरकवणं असतं.

चाकण-रांजणगावकडे डिप्लोमाच्या पोरांची याहून वाईट गत. तिथे मुलाखत कित्येकदा गेटवरच होते. लेबर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस उन्हात रांग लावतो, दोन प्रश्न विचारतो आणि ‘बायोडाटा ठेवून जा’ म्हणतो. त्या कागदावर फोन नंबर, आधार नंबर, जन्मतारीख, बापाचं नाव, सगळं असतं. संध्याकाळी तो गठ्ठा कुठे जातो? पुढे त्यातल्याच काही मुलांना ‘प्रोसेसिंग फी भरा, जॉइनिंग पक्कं’ असे फोन येतात. ते फोन तुमचे नसतात हे मला ठाऊक आहे. पण नंबर कुठून फुटले याचा शोध तुमच्यापैकी किती जणांनी घेतला? वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेत संमत झालाय. तो फक्त ग्राहकांसाठी नाही.

आता खोलीच्या आत येऊ.

साहेब लॅपटॉपवरून मान वर न करता ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हणतात. मुलगा पाठ केलेलं बोलायला लागतो आणि साहेब टीममधल्या कोणाला तरी रिप्लाय टाइप करत असतात. मध्येच फोन येतो, तो घेतला जातो. गिझर दुरुस्तीवाल्याला सोसायटीचा पत्ता समजावून झाला की ‘हां, कुठे होतो आपण?’ रेझ्युमे तिथेच, त्याच क्षणी पहिल्यांदा उघडलेला असतो. आमच्या एका मुलाने सोयाबीनमधला ओलावा मोजायचं स्वस्त यंत्र बनवलं होतं. बाजार समितीत ओलाव्याच्या नावाखाली भाव कसा पाडतात ते त्याने घरी बघितलेलं, म्हणून. सेन्सर, सर्किट, कोड, सगळं स्वतःचं. पॅनेलवरचा एक जण म्हणाला, ‘अच्छा, म्हणजे शेतीचं काहीतरी,’ आणि पुढच्या प्रश्नाला गेला. त्या यंत्रावर नीट दहा मिनिटं प्रश्न विचारले असते तर मुलाला किती येतं आणि किती येत नाही, दोन्ही उघडं पडलं असतं. मुलाखत त्यासाठीच असते ना?

इंग्रजीचं वेगळं सांगायला हवं. नोकरीत इंग्रजी लागतं, परदेशी क्लायंटशी बोलावं लागतं, मान्य. मग ते तपासा, गुण कापा, नापास करा. पण उच्चार घसरला म्हणून पॅनेलवरच्या दोघांनी एकमेकांकडे बघून हसू दाबायचं, ही तपासणी नव्हे. समोरच्याला ते दिसतं. त्यानंतर त्याला येत असलेली उत्तरंही घशात अडकतात आणि तुमच्या शीटवर ‘लॅक्स कॉन्फिडन्स’ अशी नोंद होते. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद, एआयसीटीई, हिने २०२१-२२ पासून मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायची मुभा दिली. त्या वर्षी प्रवेश घेतलेली मुलं पदवी घेऊन बाहेर पडलीसुद्धा. त्यांच्याशी कसं बोलायचं याचा विचार तुमच्याकडे कोणी केलाय, असं मला तरी कुठे दिसलं नाही.

काही जण याला ‘स्ट्रेस इंटरव्ह्यू’ म्हणतात. मुद्दाम तोडायचं, हिणवायचं, उमेदवार ताणात कसा वागतो ते बघायचं. बावीस वर्षांच्या ज्या मुलाच्या बापाने जमीन गहाण ठेवलीय, त्याला तुम्ही कृत्रिम ताण देऊन नवीन काय शोधणार आहात?

आणि सगळं उरकतं किती वेळात? चार मिनिटं, पाच मिनिटं. इथे एक जुनं प्रकरण सांगते, कारण ते आमच्याच क्षेत्रातलं आहे. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखती माणशी दोन-तीन मिनिटांत संपल्या आणि त्यात मुलांना विचारलं गेलं ते आईवडील कोण, राहता कुठे, असलं. मुलं सर्वोच्च न्यायालयात गेली. ‘अजय हासिया’ म्हणून ओळखला जाणारा हा निकाल नोव्हेंबर १९८० चा. मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणं मनमानीचं ठरेल असं न्यायालयाने सांगितलं आणि मुलाखती टेपवर ध्वनिमुद्रित कराव्यात असंही सुचवलं. टेपवर, १९८० मध्ये! पुढे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांसाठी मुलाखतीच बंद केल्या. यातलं काहीही खासगी कंपनीला बांधील नाही, हे तुमच्या लीगल टीमने सांगायच्या आधी मीच सांगते. मुलाखत तुम्हाला हवी आहे, घ्या. पण मग ती मुलाखत असू द्या.

ऑनलाइन मुलाखतींनी प्रवासाचा खर्च वाचवला, त्याबद्दल तुमचे आभारच मानायला हवेत. मात्र त्यासोबत जो प्रकार सुरू झालाय तो मला अजून पचलेला नाही. उमेदवाराचा कॅमेरा चालू हवा, तुमचा बंद. समोर काळ्या चौकोनात दोन अक्षरं. माणूस ऐकतोय की उठून गेलाय, कळायला मार्ग नाही. त्यात ‘कॅमेरा फिरवून पूर्ण खोली दाखवा’ हा आदेश. कॉपी होते, बाजूला बसून कोणीतरी उत्तरं पुरवतं, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. पण आमच्या एका मुलीच्या घरी खोली एकच. त्यात आजी खाटेवर आजारी, एका कोपऱ्यात चूल, दोरीवर कपडे. तिने कॅमेरा फिरवला. पलीकडून आवाज आला, ‘प्रोफेशनल सेटअप नाहीये का तुमच्याकडे?’ ती म्हणाली, ‘नाही सर.’ पुढची मुलाखत झाली, तिने बरी दिली. मला हे तिने नाही सांगितलं, तिच्या मैत्रिणीकडून कळलं. अशा मुलीला कॉलेजच्या लॅबमध्ये बसवून मुलाखत द्यायची सोय आम्ही करू शकतो, लॅब असिस्टंट निगराणीला बसवू शकतो. त्यासाठी आदल्या दिवशी एक मेल पुरतो. तुम्ही लिंक पाठवता मुलाखतीच्या पाऊण तास आधी.

म्यूट करायला विसरलेल्या पॅनेलचं काय काय ऐकायला मिळतं, ते इथे लिहीत नाही. ‘अजून किती उरलेत? संपव पटापट’ हे त्यातल्या त्यात सभ्य.

पुढचा मुद्दा लिहिताना मला सौम्य राहणं जड जातंय, तरी राहते. मुलींना विचारलेले प्रश्न मी एका वहीत उतरवून ठेवते. घरी लग्नाचं बघतायत का? बॉयफ्रेंड आहे का, म्हणजे रिलोकेशनच्या दृष्टीने विचारतोय. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही याची गॅरंटी काय? नाइट शिफ्टला वडील पाठवतील का?

शेवटचा प्रश्न घ्या. मुलगी सज्ञान आहे, मतदार आहे, इंजिनिअर होतेय. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा म्हणतो की भरती, प्रशिक्षण, बदली, बढती, वेतन यांत बाई म्हणून भेदभाव करता येणार नाही. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिला काम द्यायचं तर तिची संमती हवी, आणि तिची सुरक्षितता व घराच्या दारापर्यंतची वाहतूक ही मालकाची जबाबदारी. म्हणजे प्रश्न वडिलांचा नाहीच. तुम्ही तिला सांगायचं की शिफ्ट अशी आहे, कॅब अशी आहे, कॅबमध्ये गार्ड असतो की नसतो. आणि मग विचारायचं की तुझी तयारी आहे का. उत्तर तिने द्यायचं.

लग्न आणि मूल यांबद्दल तर १९९१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने कान उपटलेत. आयुर्विमा महामंडळात निवड झालेल्या नीरा माथुर यांना जो फॉर्म भरावा लागला होता, त्यात मासिक पाळी, शेवटच्या पाळीची तारीख, किती बाळंतपणं, असे रकाने होते. त्यातली माहिती खोटी दिली म्हणून प्रसूतीनंतर त्यांना नोकरीवरून काढलं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि असले रकाने फॉर्ममधून काढून टाका असं महामंडळाला सांगितलं. तुमच्या फॉर्मवर हे रकाने नाहीत, खरं आहे. ते तुमच्या तोंडात आहेत. आणि कपड्यांवर, दिसण्यावर शेरे मारणाऱ्या महाभागांसाठी एक माहिती: कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरोधी जो २०१३ चा कायदा आहे, त्यात तक्रार करणारी स्त्री तुमच्याकडे नोकरीला असण्याची अट नाही. मुलाखतीला आलेली मुलगीही तुमच्या अंतर्गत समितीकडे जाऊ शकते. यापुढे आमच्या मुलींना ड्राइव्हच्या आधी हे सांगितलं जाईल.

दुसरी एक जात आहे प्रश्नांची, आणि ‘जात’ हा शब्द मी विचार करून वापरतेय. ‘आडनावावरून लक्षात नाही आलं, मूळचे कुठले?’ ‘वडील काय करतात? नाही, म्हणजे घरचं बॅकग्राउंड कसं आहे?’ मुलांना कळतं काय विचारलं जातंय. काही जण रेझ्युमेवर आडनावाऐवजी नुसतं आद्याक्षर टाकायला लागलेत. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले होते, फरक फक्त नावांत: काही सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. दलित आणि मुस्लिम नावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआरच्या लोकांशी बोलून काढलेलं निरीक्षण आलं: आम्ही फक्त गुणवत्ता बघतो असं ते सांगत, आणि ‘फॅमिली बॅकग्राउंड’ बघतो हेही त्याच दमात सांगत. कोडिंग करायला वडिलांचा धंदा कुठे आडवा येतो, ते मला एकदा समजावून द्या.

दिव्यांग मुलांबद्दल थोडक्यात. २०१६ चा कायदा आहे, तुमच्या वेबसाइटवर समावेशकतेचं पान आहे, आणि मुलाखतीची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद.

पगाराबाबत तुम्ही ताकाला जाऊन भांडं लपवता. जाहिरातीत ‘ॲज पर इंडस्ट्री स्टँडर्ड्स’. मुलाखतीत फ्रेशरलाच विचारणार, अपेक्षा किती? त्याने आकडा सांगितला की भुवया वर. सीटीसी, म्हणजे कंपनीचा माणशी वर्षाचा एकूण खर्च, सांगितलाच तर त्यात ग्रॅच्युइटी, विमा, कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि कधी हातात न पडणारा व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला पगार, सगळं घातलेलं. पुण्यात खोलीभाडं, मेस आणि बसपास भागवून घरी काही पाठवता येईल का, हा हिशोब मुलाला करायचा असतो आणि त्यासाठी लागणारा एकमेव आकडा, म्हणजे महिन्याला हातात किती, तो ऑफर लेटर येईपर्यंत गुपित. बाँडचं तर विचारूच नका. ‘दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर इतके लाख’ हे सही करायच्या टेबलावर कळतं. मूळ मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र जमा करून घेणारे महाभागही भेटले आहेत. ते कागद मुलाचे आहेत, तारण नव्हे.

या सगळ्यापेक्षा जास्त नुकसान करतं ते तुमचं गप्प बसणं.

तुम्हाला कदाचित कॉलेजातली व्यवस्था ठाऊक नसेल. बहुतेक कॉलेजांत ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असा नियम असतो, म्हणजे संधी सगळ्यांना मिळते. एकाची निवड झाली की तो पुढच्या ड्राइव्हला बसत नाही. आता तुम्ही अंतिम फेरी घेऊन गेलात आणि निकाल अडकवून ठेवलात, तर त्या मुलांचं मी काय करायचं? पुढच्या कंपनीत बसवलं आणि दोन्हीकडे निवड झाली, तर ‘तुमची मुलं ऑफर घेऊन येत नाहीत’ म्हणून तुम्हीच ओरडणार. नाही बसवलं आणि तुम्ही नकार दिला, किंवा काहीच दिलं नाही, तर हंगाम निघून गेलेला. मी फोन करते तेव्हा ‘मॅनेजमेंट अप्रूव्हल पेंडिंग’. पुढच्या फोनला एचआरच्या त्या मॅडम कंपनी सोडून गेलेल्या असतात. नव्या मॅडमना आमच्या कॉलेजचं नावही नवीन.

निवड होऊनही सुटका नाही. २०२२-२३ च्या सुमारास आयटीतल्या कित्येक फ्रेशर्सनी हातात ऑफर घेऊन जॉइनिंगच्या तारखेची महिनोन्महिने वाट बघितली, हे वर्तमानपत्रांत येऊन गेलंय. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सर्वसाधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. बँकेला तुमचं ‘बिझनेस डिमांडनुसार कळवू’ हे पत्र चालत नाही. गावात पेढे वाटून झालेले असतात. मुलगा चावडीवरून जायचं टाळतो.

नकाराची मुलांना सवय आहे. बारावीपासून सीईटी, कॅप राउंड, एटीकेटी, सगळीकडे नकारच पचवत आलीत ती. नकार आला की रात्रभर वाईट वाटतं आणि सकाळी पुढच्या कंपनीचा अभ्यास सुरू होतो. उत्तरच आलं नाही तर मात्र मेल उघडून बघत राहतात, आणि मेल स्पॅममध्ये गेला असेल का, असं मलाच येऊन विचारतात.

आता तुमची बाजू. पॅनेलवर येणारा इंजिनिअर स्वतःच्या प्रोजेक्टची डेडलाइन डोक्यावर घेऊन येतो, त्याला मुलाखत कशी घ्यायची याचं कधी प्रशिक्षण मिळालेलं नसतं, आणि एका दिवसात त्याच्यासमोर पन्नास-साठ चेहरे येतात. त्याची चिडचिड मला समजते. आमची मुलंही धुतल्या तांदळासारखी नाहीत. खोटा अनुभव लिहिणारे आहेत, दुसऱ्याचा प्रोजेक्ट आपला म्हणून सांगणारे आहेत, होकार देऊन जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवणारेही आहेत. अशांना आम्ही पुढच्या ड्राइव्हला बसू देत नाही. आणि चांगले मुलाखतकार नसतात असंही नाही. एक गृहस्थ दरवर्षी येत. मुलगा इंग्रजीत अडखळला की फळ्याकडे बोट दाखवून म्हणत, ‘मराठीत सांग, नाहीतर काढून दाखव.’ निवड न झालेल्यांना जाण्यापूर्वी बोलावून काय कमी पडलं ते दोन वाक्यांत सांगत. त्यांनी नाकारलेली मुलंसुद्धा त्यांचं नाव अजून आदराने काढतात. त्यांना यासाठी कंपनीकडून जादा काही मिळत असेल असं वाटत नाही.

तेव्हा मागण्या. यात खर्चाचं फारसं काही नाही.

१. मुलाखतीची वेळ पाळा. दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर तसं कळवा. बाहेरगावच्या उमेदवाराला बोलावून मुलाखत रद्द केली तर त्याचं जाण्या-येण्याचं साधं भाडं द्या.

२. पद, कामाचं ठिकाण, शिफ्ट, हातात येणारा मासिक पगार आणि बाँड असल्यास त्याच्या अटी हे सगळं अर्ज मागवतानाच लिहून द्या. मूळ कागदपत्रं बघून तिथल्या तिथे परत करा.

३. लग्न, मूल, जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय हे प्रश्न बंद. पॅनेलवर बसणाऱ्या प्रत्येकाकडून तसं लिहून घ्या. मुलींच्या मुलाखतीत पॅनेलवर किमान एक स्त्री असू द्या.

४. ऑनलाइन मुलाखतीत तुमचाही कॅमेरा चालू ठेवा. लिंक आदल्या दिवशी पाठवा.

५. निवड, नकार किंवा प्रतीक्षा, काय असेल ते पंधरा दिवसांत प्रत्येक उमेदवाराला कळवा. एका ओळीचा मेल चालेल.

६. निवड झालेल्यांना जॉइनिंगची तारीख लेखी द्या. ती तीन महिन्यांहून पुढे जात असेल तर मुलाला दुसरीकडे जायची मोकळीक द्या आणि कॉलेजलाही तसं कळवा.

७. गेटवर किंवा कंत्राटदारामार्फत गोळा केलेले बायोडाटे कुठे ठेवता, कधी नष्ट करता, हे जाहीर करा.

शिष्टाचारांचं सत्र आम्ही ठेवणार आहोतच, सूचना शिरसावंद्य. त्याच दिवशी दुपारी पॅनेल सदस्यांसाठी एक तास राखून ठेवलाय. यायचं असेल तर स्वागत आहे, चहा कॉलेजकडून.

बाकी आमच्या हातात जे आहे ते असं. या हंगामापासून ड्राइव्हची तारीख देण्याआधी कंपनीला एक पानी फॉर्म पाठवला जाईल. वरचे सात मुद्दे त्यात आहेत, समोर ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहायचं, खाली एचआर प्रमुखांची सही आणि शिक्का. ड्राइव्ह झाल्यावर मुलांकडूनही कंपनीबद्दलचा अभिप्राय नाव न विचारता भरून घेतला जाईल आणि तो पुढच्या बॅचच्या नोटीस बोर्डावर लागेल. शेजारच्या काही कॉलेजांच्या टीपीओंशी माझं बोलणं झालंय, तेही हाच फॉर्म वापरायला तयार आहेत. ज्यांना तो भरायचा नसेल त्यांनी जुलै अखेरपर्यंत तसं कळवावं, म्हणजे त्यांच्या तारखा दुसऱ्या कंपन्यांना देता येतील.

आपली,
एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर